दाब सोडला आणि थेंब पडला

शार्ल कान्यार द ला तूर हा फ्रेंच माणूस कानाचा भलताच तयार होता. ‘सायरन’ हे नाव 1819 साली त्यानेच आपल्या एका यंत्राला दिलं, कारण ते पाण्याखालीसुद्धा गायचं. तीन वर्षांनी, 1822 मध्ये, त्याने बंदुकीच्या जाड नळीत अल्कोहोल ओतलं, आत गारगोटीचा एक गोळा टाकला, नळीचं तोंड पक्कं बंद केलं आणि ती तापवायला घेतली. नळी कलती केली की गोळा घरंगळायचा आणि द्रवात शिरताना डुबुक असा आवाज यायचा. तापमान वाढत गेलं आणि एका टप्प्याला तो आवाजच बंद झाला. गोळा घरंगळत होता, पण ज्यात त्याने डुंबावं तो द्रव नळीत नव्हता. सगळ्याची वाफ झाली म्हणावी, तर एवढ्याशा बंद जागेत एवढी वाफ मावली कशी?

पुढे त्याने काचेच्या नळ्या घेतल्या आणि हाच प्रकार डोळ्यांनी पाहिला. द्रवाचा पृष्ठभाग आधी सपाट होतो, मग पुसट होतो, मग दिसेनासा होतो. खाली द्रव आणि वर वाफ असं काही राहत नाही, नळीभर एकच पदार्थ राहतो. पाण्याच्या बाबतीत त्याची बरीच दमछाक झाली, कारण इतक्या उष्णतेला पाणी काचच खाऊ लागतं.

या टप्प्याला नाव मिळायला 1869 साल उजाडावं लागलं. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइडवर वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलं, की साधारण 31 अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. तो दाट होत जातो, द्रवाइतका दाट होतो, पण मध्ये पृष्ठभाग असा कुठे तयार होत नाही. या बिंदूला आपण क्रांतिक बिंदू म्हणतो. 31 अंश म्हणजे आपल्याकडे काहीच नाही. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या ऑफिसच्या भिंतीवर, काळ्या फनेलसारख्या तोंडाचा आग विझवायचा सिलिंडर लटकलेला असतो ना, त्यातला कार्बन डायऑक्साइड दुपारभर द्रवही नसतो आणि वायूही नसतो. खालून ये-जा करणाऱ्या कुणाला त्याचा पत्ता नसतो, इतकंच.

इथवरची गोष्ट एकेकट्या वायूची आहे, आणि ती समजावून सांगणारा माणूस लवकरच पुढे आला. योहानेस व्हॅन डर वाल्स हा लायडनमधल्या सुताराचा मुलगा. पेशाने शाळामास्तर. ग्रीक-लॅटिन शिकला नसल्यामुळे त्याला विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नव्हतं. तो नियम शिथिल झाला आणि 1873 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्याने प्रबंध सादर केला. त्यातली कल्पना दोन अक्षरांत बसते. रेणू एकमेकांना ओढतात, त्या ओढीला तो ‘ए’ म्हणाला. आणि रेणू जागा व्यापतात, त्या जागेला ‘बी’. आदर्श वायूच्या शाळकरी समीकरणात एवढ्या दोन दुरुस्त्या केल्या की ते तिसऱ्या घाताचं समीकरण होतं, म्हणजे एकाच दाबाला आणि एकाच तापमानाला आकारमानाची तीन उत्तरं निघू शकतात. सगळ्यात मोठं उत्तर वायूचं, सगळ्यात लहान द्रवाचं आणि मधलं निसर्गात कधी न दिसणारं. तापमान वाढवत नेलं की ही तिन्ही उत्तरं एकमेकांजवळ सरकत सरकत एका जागी येऊन मिळतात. तोच क्रांतिक बिंदू. एका ओळीच्या गणितातून वायू निघतो, द्रव निघतो आणि दोघांमधला भेद जिथे मिटतो ती जागाही निघते. मला तरी एकोणिसाव्या शतकातल्या विज्ञानात याहून काटकसरीचं काम फारसं आठवत नाही.

पण जगात शुद्ध वायू मिळतात कुठे? जमिनीखालच्या गॅसमध्ये मिथेन असतो, इथेन, प्रोपेन, ब्युटेन असतात, त्यांच्याहून जड अशी हायड्रोकार्बनं असतात आणि वर नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ. प्रत्येकाचं ‘ए’ आणि ‘बी’ माहीत आहे. मग मिश्रण कसं वागेल?

साधा माणूस म्हणेल, सरासरी काढा. काढून पाहू. मुंबईच्या स्वयंपाकघरात पाइपने येतो तो मुख्यतः मिथेन. त्याचा क्रांतिक दाब सुमारे 46 बार. (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) सिलिंडरमध्ये प्रोपेनच्या जोडीला असतो तो ब्युटेन, त्याचा क्रांतिक दाब 38 बार. या दोघांचं मिश्रण केलं तर क्रांतिक दाब 46 आणि 38 च्या मध्ये कुठेतरी यावा. प्रत्यक्षात प्रमाण बदलत गेलं की तो 130 बारच्या आसपास चढतो! दोघांपैकी कुणाच्याही एकट्याच्या स्वभावात हा आकडा नाही. तो येतो मिथेनच्या रेणूला ब्युटेनचा रेणू कसा ओढतो त्यातून, आणि तेवढ्यासाठी दोघांची वेगवेगळी माहिती पुरत नाही. दोन्ही घरची माणसं चांगली आहेत एवढ्यावरून लग्न कसं होईल हे सांगता येत नाही, तसंच हे. इथेही पत्रिका जुळवावी लागते. फरक एवढाच की 36 गुण मोजायचे नाहीत, एकच आकडा मोजायचा.

तो आकडा असा येतो. दोन वेगळ्या रेणूंमधली ओढ किती, तर दोघांच्या आपापल्या ओढींचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं, असा अंदाज दानिएल बेर्तलो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांडला. अंदाज चांगला आहे, पण थोडा चुकतो. किती चुकतो ते प्रयोग करून मोजायचं आणि तेवढी दुरुस्ती समीकरणात घालायची. मिथेन आणि प्रोपेन ही एकाच कुळातली जोडी, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती जवळपास शून्य येते. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यासाठी ती 0.1 च्या घरात जाते. मला सगळ्यात थक्क करते ती गोष्ट वेगळीच. दहा घटकांच्या मिश्रणात जोड्या 45, म्हणजे आकडे 45. तिघातिघांचे, चौघाचौघांचे संबंध वेगळे मोजावे लागत नाहीत. आत असंख्य रेणू एकाच वेळी एकमेकांवर आदळत असतात आणि तरीही जोडीजोडीचा हिशेब लावून सबंध गर्दी कशी वागेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. असं का चालावं, याचं कारण पुस्तकं देतात. आश्चर्य त्याने कमी होत नाही.

व्हॅन डर वाल्सने आपला सिद्धांत मिश्रणांपर्यंत नेला तो 1890 मध्ये. त्यातून एक चमत्कारिक भाकीत निघत होतं, आणि लायडनमधल्याच योहानेस क्यूनेन या तरुणाने ते 1892 च्या सुमारास नळीत दाखवलं. त्याने कार्बन डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड यांचं मिश्रण घेतलं. नळीत लोखंडाचा एक छोटा तुकडा ठेवून बाहेरून चुंबकाने तो हलवत राहिला, कारण न ढवळलेलं मिश्रण दिशाभूल करतं आणि त्याच्या आधीच्या बऱ्याच जणांची तशी झाली होती. ठरावीक तापमानाला त्याने दाब वाढवत नेला. द्रव पडू लागला. इथवर नवल नाही. दाब आणखी वाढवला तेव्हा द्रव वाढायचा थांबला, मग कमी होऊ लागला आणि अखेर नाहीसा झाला. नळीत पुन्हा निव्वळ वायू. उलट दिशेने पाहिलं तर आणखी गंमत. भरपूर दाबातला स्वच्छ वायू आहे, दाब सोडत जा, आणि काचेवर थेंब जमू लागतात. दाबल्यावर द्रव होतो हे आपण शाळेत घोकलेलं असतं. इथे सोडल्यावर होतो. या प्रकाराला उलटं संघनन म्हणता येईल, इंजिनिअर मंडळी रिट्रोग्रेड कंडेन्सेशन म्हणतात.

हे होतं कसं? खूप दाबाखालचा मिथेन हा आपल्या ओळखीचा हलकाफुलका वायू राहत नाही. त्याचे रेणू इतके दाटीने असतात की प्रत्येक जड रेणूला ते चहूबाजूंनी ओढून धरतात. जड हायड्रोकार्बन अशा मिथेनमध्ये अक्षरशः विरघळलेलं असतं. दाब उतरला की मिथेन विरळ होतो, त्याची पकड सुटते आणि जड रेणू एकमेकांना चिकटून थेंब होतात. दाब आणखी उतरवला की मात्र नेहमीचा नियम परत लागू होतो आणि तेच थेंब पुन्हा वाफ होऊन उडतात.

वायूमध्ये पदार्थ विरघळतो हे क्यूनेनच्या आधीच दिसलेलं होतं. ग्लासगोत हॅने आणि होगार्थ या दोघांनी 1879 मध्ये क्रांतिक तापमानाच्या वर तापवलेल्या अल्कोहोलमध्ये पोटॅशियम आयोडाइड हे चक्क घन मीठ विरघळवलं होतं. दाब कमी करताच नळीत त्याचे स्फटिक बर्फासारखे भुरभुरले. कॉफीतलं कॅफिन काढायला आज दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामागे हीच करामत आहे.

क्यूनेनची ही नळी प्रयोगशाळेतलं नवल म्हणूनच राहिली असती, पण तेलाच्या विहिरी खोल जाऊ लागल्या. तीन-चार किलोमीटर खाली तापमान शंभर अंशांपुढे असतं आणि दाब कित्येक शे बार. अगदी उलट्या संघननाला हवी तशी परिस्थिती. इंडोनेशियात सुमात्राच्या उत्तर टोकाला अरुण नावाचं प्रचंड मोठं गॅस क्षेत्र 1971 मध्ये सापडलं. खाली सुमारे 178 अंश तापमान आणि 490 बारच्या आसपास दाब. त्या गॅसचा नमुना प्रयोगशाळेत घेऊन दाब उतरवला तेव्हा द्रव पडला तो जेमतेम एक टक्का. एक टक्का द्रवाने काय बिघडणार? पण बिघडलं. खडकात विहिरीलगत दाब सगळ्यात कमी, म्हणून तिथे थेंब सगळ्यात आधी पडले. सगळा गॅस तिथूनच जाणार, आणि येणारा प्रत्येक घनमीटर आपला वाटा तिथे टाकून पुढे जाणार. खडकाच्या बारीक छिद्रांत तो द्रव साचत गेला, हलेना, आणि गॅसची वाट अडली. काही विहिरींची गॅस देण्याची ताकद निम्म्यावर आली. शिवाय जो अडकला तो सगळ्यात महाग, पेट्रोलच्या जातीचा द्रव. वर आणायला जावं आणि ऐन दारात सांडावं, तसला प्रकार. त्यावर उतारा म्हणून वर आलेल्या गॅसमधून द्रव काढून घेऊन सुका गॅस परत जमिनीत कोंबतात, म्हणजे खालचा दाब उतरत नाही. हा गॅस किती, कधी आणि किती वर्षं कोंबायचा, हे आधी सांगता आलं तरच त्यातला पैसा सुटतो.

म्हणून भाकिताची गरज. व्हॅन डर वाल्सचं मूळ समीकरण दिशा बरोबर दाखवायचं, पण आकडे चुकवायचं. 1949 मध्ये रेडलिक आणि क्वाँग यांनी ते सुधारलं, 1972 मध्ये इटलीच्या सोआवेने आणखी. मग 1976 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डिंग-यू पेंग आणि डोनाल्ड रॉबिन्सन यांनी जे समीकरण लिहिलं ते आजही तेल-गॅसच्या धंद्यात रोज लाखो वेळा सुटत असेल. त्यांनी स्वतःवर अटी घालून घेतल्या होत्या. प्रत्येक घटकाची मोजकीच माहिती लागावी, आणि प्रत्येक जोडीसाठी दुरुस्तीचा एकच आकडा असावा, जो दाब, तापमान, प्रमाण कशानेही बदलणार नाही. व्हॅन डर वाल्सची ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरं त्यातही जशीच्या तशी बसलेली दिसतात. शंभर वर्षांत हजारो कागद खर्ची पडले आणि सांगाडा सुताराच्या मुलाचाच राहिला.

समीकरण हाताशी आलं तरी एक अडचण उरते. मिश्रण एकसंध राहील की दोन भागांत फुटेल, हे संगणकाला कसं कळावं? फुटेल असं धरून हिशेब केला आणि ते फुटलंच नाही तर हिशेब भरकटतो. डेन्मार्कच्या मायकेल मिखेल्सनने 1982 मध्ये यावर सुरेख तोड काढली. सबंध मिश्रण फोडून पाहायचं नाही, त्यात वेगळ्या प्रमाणाचा एक चिमुकला थेंब कल्पनेत तयार करायचा. त्या थेंबाने एकूण ऊर्जेचा खर्च कमी होत असेल तर मिश्रण फुटणार. असा एकही थेंब सापडला नाही तर ते एकसंध राहणार. थेंब पडेल का, याचं उत्तर न पडलेल्या थेंबालाच विचारायचं!

आपल्या किनाऱ्यालाही याची झळ आहे. मुंबई हायचं तेल 1974 मध्ये सापडलं आणि वसईचं गॅस क्षेत्र दोन वर्षांनी. समुद्राखालच्या पाइपमधून उरणला किंवा गुजरातेत हझिऱ्याला गॅस येतो तेव्हा वाटेत तो थंड होतो, दाब घटतो आणि पाइपात द्रव जमतो. तो कधी कधी लांबच लांब पट्ट्याने एकदम किनाऱ्यावर येऊन आदळतो. त्याला झेलायला जमिनीवर जाड नळ्यांची रांगच्या रांग टाकलेली असते, तिला स्लग कॅचर म्हणतात. किती मोठा बांधायचा, हे कुणीतरी आधी समीकरण सोडवून सांगितलेलं असतं. पूर्वेला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं एमजे क्षेत्र 2023 मध्ये सुरू झालं. तिथे तर खोल समुद्र, चढा दाब, चढं तापमान आणि गॅसमध्ये विरघळलेला द्रव, सगळंच एकत्र आहे.

पाणी मध्ये आलं की मात्र समीकरणाची फजिती होते. पाण्याचे रेणू एकमेकांना नुसते ओढत नाहीत, हात धरून बसतात. मिथेन आणि पाणी यांच्यासाठी दुरुस्तीचा आकडा 0.5 च्या आसपास जातो. बरं, तोही वायूच्या भागापुरता. पाण्याच्या भागासाठी वेगळा आकडा घ्यावा लागतो आणि तो तापमानाबरोबर बदलतो. जोडी एक आणि आकडे दोन, म्हणजे पेंग-रॉबिन्सन यांची अट धाब्यावर. धंद्यातली माणसं निमूटपणे दोन आकडे वापरतात, कारण उत्तर बरोबर येतं. मला यात समीकरणाची कमजोरी दिसते, आणि ती लपवू नये असं वाटतं.

आता शाळेतलं दुसरं पाठांतर. वायू कोणतेही असोत, कसल्याही प्रमाणात घ्या, ते एकमेकांत मिसळतात, तेल-पाण्यासारखे वेगळे राहत नाहीत. लायडनलाच 1906 मध्ये हाइके कामरलिंग ओनेस हा शास्त्रज्ञ द्रवरूप हायड्रोजनवर हीलियम दाबत होता. दाब वाढवता वाढवता वरचा हीलियमने भरलेला वायू खालच्या द्रवापेक्षा जड झाला आणि सरळ बुडाशी जाऊन बसला. द्रव वर आणि वायू खाली! दाब उतरवला तसा तो पुन्हा वर आला. हीलियम आणि हायड्रोजन यांचं एकमेकांशी किती बेताचं जमतं, हे त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी त्याने आणि कीसोमने मांडलं, की दोन वायू वायूच राहूनसुद्धा एकमेकांपासून फुटू शकतील. हे प्रत्यक्ष दिसायला 1940 च्या सुमाराची वेळ आली. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ क्रिचेव्हस्की याने नायट्रोजन आणि अमोनिया यांच्या मिश्रणावर हजारो बार दाब दिला, अमोनियाच्या क्रांतिक तापमानाच्या वर, जिथे द्रव व्हायची सोयच नाही. मिश्रण दोन थरांत फुटलं. दोन्ही थर वायूचेच.

वायूंचं असं फुटणं प्रयोगशाळेबाहेर, ग्रहांवरही होत असेल का? शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे 92 बार दाब आहे आणि तापमान 460 अंशांच्या वर. तिथली हवा, म्हणजे बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि साडेतीन टक्के नायट्रोजन, दोन्ही आपापल्या क्रांतिक बिंदूंच्या पार पलीकडे आहेत. सोव्हिएत व्हेगा-2 यानाने 1985 मध्ये उतरताना मोजलेलं तापमान शेवटच्या सात किलोमीटरमध्ये असं विचित्र बदलतं, की तिथे नायट्रोजन खाली खाली कमी होत जात असावा, अशी शंका 2017 मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी मांडली. पण एवढ्या उष्णतेला ही जोडी एकदिलाने मिसळावी, असं नेहमीचं गणित सांगतं. मी सध्या गणिताच्या बाजूने आहे. दुसरं यान तिथे उतरून मोजेपर्यंत ही बाजू बदलायचं कारण दिसत नाही.

गुरू आणि शनी यांच्या बाबतीत मात्र पुरावा जास्त भरीव आहे. दोन्ही ग्रह मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचे. शनी सूर्याकडून जितकी ऊर्जा शोषतो त्याच्या जवळपास दुप्पट बाहेर टाकतो. इतकं वय झालेल्या ग्रहाने एवढी ऊब कुठून आणावी? 1970 च्या दशकात सॉलपीटर आणि स्टीव्हन्सन या शास्त्रज्ञांनी उत्तर सुचवलं. आत खोलवर हायड्रोजन धातूसारखा होतो, हीलियम त्यातून फुटून निघतो, थेंब होऊन ग्रहाच्या पोटात पडतो, आणि पडताना ऊर्जा सोडतो. डिसेंबर 1995 मध्ये गॅलिलिओ यानातून सोडलेली कुपी गुरूच्या हवेत शिरली तेव्हा तिला हीलियम वजनाने 23-24 टक्के सापडला. सूर्यमाला जन्मली तेव्हा तो 27 टक्क्यांच्या आसपास होता. आणि निऑन तर अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याएवढाच निघाला. निऑन हीलियमच्या थेंबांत विरघळतो, हायड्रोजनमध्ये त्याला राहायला आवडत नाही, असं नंतरच्या गणितांनी दाखवलं. म्हणजे तो थेंबांबरोबर वाहून गेला.

हे सगळं पृथ्वीवर तपासायचं तर लाखो बार दाब हवा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ओमेगा लेझरवर ते करून पाहिलं, त्याचा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन हिऱ्यांच्या चिमट्यात हायड्रोजन-हीलियमचं मिश्रण आधीच दाबून ठेवायचं आणि मग त्यावर लेझरचा तडाखा द्यायचा. तडाख्याची लाट मिश्रणातून काही नॅनोसेकंदांत पार होते, तेवढ्यात ती किती चकाकते ते टिपायचं. 15 लाख बारच्या आसपास दाब आणि दहा हजार अंशांजवळ तापमान असताना ती चकाकी एकदम बदलली, आणि संशोधकांनी त्याचा अर्थ मिश्रण फुटलं असा लावला. तो खरा असेल तर गुरूच्या त्रिज्येच्या जवळजवळ 15 टक्के जाडीच्या पट्ट्यात हीलियमची अशी सर चालू असणार. संगणकावरच्या आधीच्या आकडेमोडींनी हे फुटणं बरंच कमी तापमानाला होईल असं सांगितलं होतं, काही हजार अंशांनी कमी. विश्वातले सगळ्यात साधे दोन अणू, एकच जोडी, आणि तिचा हिशेब अजून जुळायचा आहे.